पायाळू सून

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, माझा चेहरा नंतर बघितला, आधी पाय बघितले. चहाचा कप हातात तसाच धरून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी पायाळू हाय म्हणं?" वडिलांनी मान हलवली आणि माझं लग्न ठरलं. मी बी.ए. झाले होते, शिवणकाम येत होतं, माझी पुरणपोळी कधी फाटत नव्हती. पण विचारतंय कोण? आईच्या पोटातून मी डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले, एवढीच माझी लायकी. आणि तीही काही मी कष्ट करून मिळवलेली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की पाठीत भरलेली उसण निघते, असं लोक मानतात. पायाळूला वीजही लवकर धरते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला ओढून घरात कोंडायची. माहेरी प्रकरण तेवढ्यावरच होतं. एखादी म्हातारी यायची, मी पायाचा अंगठा टेकवायचे, ती आशीर्वाद देऊन जायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

सासरी मात्र कहर होता. माझा नवरा सांडू एका कंपनीत कामाला, आम्ही औरंगाबादला दोन खोल्यांत राहायचो. पण दर रविवारी सकाळी त्याच्या एम-एटी गाडीवर मागे बसून करमाडला, सासऱ्यांच्या गावी जायचं, हे जणू लग्नातच ठरलं होतं. तिथे ओसरीवर माणसं आधीच येऊन बसलेली असायची. काकासाहेब सरपंचकीला पडले होते आणि तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर कोणी फिरकत नव्हतं. माझ्या पायांमुळे ती पुन्हा भरली. ते कोणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचे नाहीत. लोकांनी वाट बघत बसावं आणि जाताना "काकासाहेब, तुमच्या सुनंचा गुण लई भारी" म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

नुसत्या अंगठ्याने त्यांचं समाधान होईना. "मुंगी चावल्यावानी काय करते? जोर लाव." मग ते माझे हात धरायचे आणि मी अख्ख्या वजनाने समोरच्याच्या पाठीवर उभी राहायचे. पाठ कडाक वाजली की ओसरी खूश. वाजली म्हणजे उसण निघाली. शेतात राबलेल्या दणकट पाठी होत्या, त्यांनी सहन केलं. माझ्या पायाखाली मात्र दर रविवारी कोणाचं तरी हाड हलायचं. सांडूला सांगितलं तर तो म्हणायचा, "आठवड्यातून एकच तर दिवस असतो."

त्या घरात मला "जेवलीस का" असं विचारणारं एकच माणूस होतं, साळूबाई. काकासाहेबांची थोरली विधवा बहीण, माझी आत्याबाई. सत्तरीची, वाळून कोळ झालेली. भावाच्या घरात राहते म्हणून तिने कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. एका रविवारी ती दारात दिसली नाही. आत गेले तर भिंत धरून उभी होती, कमरेत वाकलेली.

"मोरीत पाय सटकला," ती म्हणाली. "मंगळवारी."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"कामून नेतील? तू येणार होती ना."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मधल्या एका मणक्यावर बोट पडलं तशी तिने पदर तोंडात कोंबला. ही उसण नव्हती. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. मी तडक काकासाहेबांकडे गेले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. "मामा, आत्याबाईंना औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडे नेऊन पाठीचा एक्स-रे फोटो काढू या. मणका मोडला असेल तर त्यावर पाय देणं..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "घरात पायाळू सून, आन् मी बहिणीला डॉक्टरकडं नेऊ? भायेर बसलेली माणसं काय म्हणतील? व्हय गं, तुझ्या पायाची इज्जत तुलाच नाय?"

म्हणजे ही म्हातारी मंगळवारपासून कण्हत होती ती माझ्या पायांच्या इज्जतीसाठी. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मग डोळे पुसले आणि डोकं चालवलं.

माझ्या डाव्या पायाचा अंगठा वाजतो. जमिनीला टेकवून दुमडला की असा वाजतो की शाळेत बाई विचारायच्या, पट्टी कोणी मोडली? मी आत्याबाईच्या कानात म्हटलं, "मी वजन टाकणार नाही. आवाज झाला की कण्हा आणि बरं वाटलं म्हणा." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच हसली. ओसरीवर ती पालथी पडली. "घरचं माणूस आहे, मी एकटीच करते," असं म्हणून मी मामांना लांब ठेवलं, खांब धरला, उजवा तळवा तिच्या पाठीवर नुसता ठेवला आणि डावा अंगठा जमिनीवर दुमडला.

कडाक!

"निघाली!" सगळी ओसरी ओरडली. आत्याबाई अशी कण्हली की क्षणभर मीच घाबरले. "लई हलकं वाटलं गं," ती म्हणाली. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. दुपारी जेवणं झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, आत्याबाईंना चार दिवस माझ्याकडे पाठवता का?"

"आता कशाला? ठणठणीत झाली की ती," काकासाहेब म्हणाले. "सारजा, आक्काला आता हंडा उचलू दे, तिचा इलाज झाला."

सारजाबाई म्हणजे माझी सासू. तिने हंडा पुढे केला आणि आत्याबाईने तो माझ्यादेखत कमरेवर घेतला. खरं सांगावं तर मामांची ओसरीवर शोभा होणार, न सांगावं तर हिने बरी झाल्याचं सोंग वठवत राबायचं. माझ्या शहाणपणाने मी तिला आणखी घट्ट अडकवून ठेवलं होतं. घरी आल्यावर सांडूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना सांगू नको. त्यांची मान खाली जाईल." आठवडाभर मी त्या दोन खोल्यांत येरझारा घालत होते. मला तो हंडा दिसत होता.

पुढच्या रविवारी आत्याबाई उठूच शकत नव्हती. "डाव्या पायाला मुंग्या येतेत," ती कुजबुजली. "चप्पल घातली का नाय, कळत नाय." आता तिचे पायच पणाला लागले होते आणि हे तिला आणि मला सोडून घरात कोणालाही बघायचं नव्हतं.

"मागल्या बारीला जोर कमी पडला," काकासाहेब म्हणाले. "आज मी धरतो."

तिला दोघांनी धरून ओसरीवर आणलं आणि घोंगडीवर पालथी घातली. दगडाबाई नावाची शेजारीण पहिला नंबर धरून बसली होती, ती सरकून जवळ आली. काकासाहेबांनी मला मागून काखेत धरलं आणि पाठीकडे ढकललं. मी अंग सोडून दिलं, जड झाले. त्यांनी मला सरळ उचललं. माझा उजवा पाय आत्याबाईच्या पाठीला लागला आणि मी ओरडले.

"मागच्या रविवारी मी पाय दिलाच नव्हता! आवाज माझ्या अंगठ्याचा होता! थांबा, ऐका!"

पाय खाली टेकून मी सगळ्यांसमोर अंगठा वाजवला. कडाक. सगळे माझ्या पायाकडे बघायला लागले. सांडू जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, सुटले. शिव्या खाईन, पण सुटले.

दगडाबाई हसली. "नजर लागंल म्हणून गुण लपवती पोरगी. माझी कंबर काय आंगठ्यानं बरी झाली व्हय?"

"तर काय!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळेच हसले. खोटं बोलले तेव्हा त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि खरं बोलले तर कोणी ऐकेना. मी सांडूला हाक मारली. त्याने मान वर केली नाही. काकासाहेबांनी मला पुन्हा उचललं.

तेवढ्यात घोंगडीवर हालचाल झाली. आत्याबाई एका कोपरावर जोर देऊन वळत होती. तिच्या तोंडातून निघालेला आवाज मी जन्मात विसरणार नाही. ती वळली आणि उताणी झाली. पदर छातीवर नीट ओढून घेतला आणि भावाच्या डोळ्यांत बघितलं.

"आता दे म्हणावं पाय. हितं, छातीवर दे."

थोरल्या बहिणीच्या पाठीवर सुनेचा पाय म्हणजे इलाज. छातीवर म्हणजे महापाप. काकासाहेबांचे हात सुटले. मी खाली आले. ते कमरेवर हात ठेवून खांबाला टेकले. तेव्हा कुठे सांडू उठला. आजवर न केलेली गोष्ट त्याने केली, बापाला न विचारता जीप आणली. आम्ही तिला फळीवर घालून नेलं.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. मणका चेपला होता. "यावर कोणी उभं राहिलं असतं तर पाय गेले असते," ते म्हणाले. आत्याबाई आमच्या पुढच्या खोलीत कॉटवर सरळ पडून राहिली. मी रोज तिच्या तळव्याला बोट लावून विचारायचे, "कळतंय?" एका सकाळी ती म्हणाली, "गुदगुल्या नको करू, मेले." मी तिच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडले.

करमाडला मी जाणं सोडलं. तर एका रविवारी दारात जीप थांबली. खिडकीतून पाहिलं, दगडाबाई आणि आणखी माणसं दाटीवाटीने बसलेली. काकासाहेब एकटे आत आले, दार लावलं आणि कडी घातली. चालताना ते एका अंगाला कलले होते.

"लाव पाय," ते हळू म्हणाले आणि कॉटशेजारी जमिनीवर पालथे पडायला लागले. "तुला उचललं त्या दिसापासून बेजार हाय."

"डॉक्टरकडे का नाही गेलात, मामा?"

"कसा जाऊ? ज्याच्या घरात तू हायेस, त्यानं डॉक्टरकडं जावं?"

"लावू नको गं," कॉटवरून आत्याबाई म्हणाली. "त्याचा बी फोटो काढ."

"हळू बोल, आक्का. भायेर माणसं हायेत." त्यांनी जमिनीवरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "पोरी, उसण निघाली नाय तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

मला कडी काढून दार सताड उघडावंसं वाटलं. पण समोर एक घाबरलेला म्हातारा पडला होता, आणि माझ्याइतकाच तोही माझ्या पायांत अडकला होता. मी डावा अंगठा फरशीवर दुमडला.

कडाक!

"निघाली!" दाराबाहेरून दगडाबाई ओरडली. "निघाली बया काकासाहेबांची!"

काकासाहेबांनी तोंड पुसलं. "फोटो कुठं काढतेत?" ते कुजबुजले.

मी त्यांना धरून उठवलं आणि मागच्या दाराने रिक्षाकडे नेलं. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं. पुढच्या दारात दगडाबाईने चपला काढल्या होत्या आणि बाकीची माणसं तिच्यामागे नंबर लावून उभी होती.