पो-हानचे कान

आमच्या चिन्मेन बेटावर जावई पारखायचा तर त्याच्यापुढे ज्वारीची दारू ठेवतात. दिसायला पाणी, घशात उतरली की जाळ. पचवेल तोच गडी, अशी इथली समजूत. माझ्या धाकट्या बहिणीने, यू-छिनने, पसंत केलेला पो-हान मात्र एका घोटात उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होतो. मी पडले नर्स, मला कारण ठाऊक: त्याच्या यकृतातलं दारू पचवणारं एक एन्झाइम जन्मतःच लंगडं आहे. बाबांपुढे त्याची शोभा होऊन लग्न मोडायला नको, म्हणून मी शहाणीने तशाच दुसऱ्या बाटलीत पाणी भरलं आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

रविवारी दुपारी कालवांचं आमलेट आलं. बाबांनी आपल्या बाटलीतून पेला भरला, पो-हानने आपल्या. एक झाला, दोन झाले, तीन झाले. गडी ढिम्म. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

बाबांनी पेला खाली ठेवला. "मुलगी मिळणार नाही."

"पण का, बाबा?" यू-छिन रडकुंडीला आली.

"तोंड बघ त्याचं! जरा तरी रंग बदललाय? याचा बाप दारूत गेला, पोरगा त्याच्यावरच पडलाय. आमचे थोरले दादा असेच. कितीही प्यायले तरी चेहरा पांढरा. ज्याला सोसते ना, त्यालाच ती खाते. खांदा दिलाय मी दादांना."

लाल होणाऱ्यांना सहसा व्यसन लागत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बाबांना ते परीक्षा न देताच कळलं होतं.

"काका, माझ्या बाटलीत पाणी आहे," पो-हान म्हणाला.

"हो का? आता पाणी झालं होय!"

पो-हानने बाबांचाच पेला उचलला आणि रिकामा केला. आमलेट निवायच्या आत आधी कान, मग गाल, मग मान. छाती धडधडायला लागली, बिचारा टेबल धरून बसला. बाबांनी उठून त्याची कॉलर खाली ओढली आणि नीट पाहिलं.

"छातीपर्यंत उतरलाय रंग!" बाबांचे डोळे पाणावले होते आणि ते हसतही होते. "आईवर गेलाय हा, आईवर! बास बाळा, पुन्हा शिवू नकोस हिला." त्यांनी त्याच्या ताटलीत आमलेट वाढलं.

मग दुसरी बाटली नाकाशी धरली. "हे कोणाचं डोकं?"

सगळे माझ्याकडेच बघायला लागले. माझी कानशिलं तापून लाल झाली होती.

"घ्या," बाबा म्हणाले, "हिला तर पाण्यानेच चढली."