लहानूचं नाव, वैनगंगेचं पाणी

चैत्री पुनवेची पहाट, आणि वैनगंगेच्या वाळूवर चांदणं अजून सांडतच होतं. दुधाळ चांदणं, मंद चांदणं, मोहाच्या वासानं जडावलेलं, उठू का नको करत लोळत पडलेलं चांदणं. उन्हाळ्यानं रोडावलेली नदी एका अंगाला सरकली होती. तिनं मागं ठेवलेली ती अफाट, शुभ्र, रेशीमस्पर्शी वाळू अशी पसरली होती की वाटावं, कुणी रात्रभर बसून विणली आणि पहाटे मागावरून उतरवून वाळत घातली.

त्या वाळूवरून दोघी चालल्या होत्या. पुढं विशाखा आत्या, सत्तरीला टेकलेली, कमरेवर रिकामी घागर, पावलं अशी झपझप की वाळूला रुतवायची सवडच मिळू नये. मागं तिची भाची खेमा, पुण्याच्या इस्पितळातली नर्स, कालच्या गाडीनं आलेली. डोळ्यांत झोप नाही, ओठांवर ओल नाही, आणि मनात एक प्रश्न असा जपलेला, जसा वाऱ्यात हाताच्या आडोशानं दिवा जपावा.

कारण खेमाचा उपास होता. साबुदाण्याचा नव्हे, अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, असा उपास. ती अमेरिकेतून आलेल्या ज्या ख्रिस्ती पंथात गेली होती त्या मॉर्मन लोकांची ही रीत. प्रश्न फार जड झाला की तो उपाशीपोटी देवापुढं न्यायचा. प्रार्थनेनं उपास धरायचा, प्रार्थनेनंच सोडायचा. आणि तिचा प्रश्न एका नावाचा होता. लहानू रामटेके. आत्याचा बाप, खेमाचे आबाजी. याच वाळूच्या टोकाला जळून याच पाण्यात मिसळलेला माणूस.

खेमा वाढली ती आबाजींच्या मागाखाली. आईबाप नागपूरला कामाला, आणि ही इथं, विणकराच्या त्या अंधारगार, खळीच्या वासाच्या खोलीत. वर धोटा धावायचा, खट् खटाक्, खट् खटाक्, आणि खाली पोर झोपायची; धोटा थांबला की जागी व्हायची. आबाजी पांढरं विणायचे. बिनकाठाचं, बिनबुट्ट्याचं, नुसतं पांढरं. "रंग ज्याचे त्यानं भरावं," म्हणायचे. तिचं नावही त्यांनीच ठेवलेलं, जुन्या पाली गोष्टींतून वेचून आणलेलं. खेमा. म्हणजे सुखरूप असलेली.

आणि ते गेले तेव्हा ती पुण्यात शिकत होती. निरोप पोचला, गाडी पोचली, खेमा पोचली, तोवर राख थंड झाली होती. घरात माग होता, मागावर अर्धं कापड होतं, धोटा मधल्या वाटेत थांबला होता, आणि ती त्या थांबलेल्या धोट्याकडं बघत राहिली, बघत राहिली, जणू तो थांबल्यामुळं तिला आता जन्मभर जागंच राहायचं होतं.

मग पुण्यात, एका गुलमोहराखालच्या बसथांब्यावर, छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या दोन प्रचारक पोरी तिला भेटल्या. तिच्याच वयाच्या, तोडकंमोडकं मराठी बोलणाऱ्या. त्यातली एक सहज म्हणाली, "मरणानं घर मोडत नाही." बस्स. इतकं छोटं वाक्य, पण खेमाच्या आत कुठं तरी खट् खटाक् झालं.

ती त्यांच्यात गेली. पांढरे कपडे घालून पाण्यात उतरली, पाण्याखाली गेली, पाण्यातून वर आली. आणि वर्षभर ती अशी चालत होती जसं नुकतं धुतलेलं कापड वाऱ्यावर चालतं.

पण वचनाच्या पोटात दुसरं वचन असतं, बघा. तिथं तिला शिकवलं की मरणानंतर तेजाची तीन घरं असतात. एकाचं तेज सूर्याचं, एकाचं चंद्राचं, एकाचं ताऱ्यांचं. किती सुंदर, तिला वाटलं. मग हळूहळू कळलं की मरणानं घर न मोडण्याचं वचन आहे ते फक्त सूर्याच्या घरातलं. जे भले होते, सरळ होते, पण ज्यांनी हा मार्ग धरला नाही, त्यांना चंद्राचं तेज. शांत, रुपेरी, सोज्ज्वळ. आणि वेगळं.

त्या दिवसापासून तिला चंद्राची भीती वाटायला लागली. पुनवेला ती खिडकी लावून घ्यायची.

उपाय होता. मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसानं पाण्यात उतरायचं, पुरुषासाठी पुरुषानं, बाईसाठी बाईनं, मंदिरात, पांढऱ्या कपड्यांत; नाव तेवढं घरच्यानं आणायचं. तिकडं त्या जिवाला ते मिळतं. घ्यायचं का नाही, ते त्याच्यावर. वैशाखात पुण्याची मंडळी समुद्रापलीकडच्या मंदिराला निघणार होती आणि खेमाही निघणार होती. फक्त माणसाच्या जन्माला एकशे दहा वर्षं उलटली नसतील, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या जिवंत नातलगाला आधी विचारावं लागतं. हा त्यांचा नियम. म्हणून ती गाडीत बसली होती. आबाजींच्या लेकरांत उरलेल्या एकट्या आत्याला विचारायला. हो म्हण, आत्या. एवढंच.

एवढंच असतं तर बरं झालं असतं. पण एक काटा होता. तिनं वाचलं होतं की त्याच पंथाच्या मंदिरांत कित्येक पिढ्या काळ्या माणसाला आतल्या विधींचं दार बंद होतं. याजकपद नाही, आत प्रवेश नाही. पुढं ते दार उघडलं. पण होतं, बंद होतं. तिनं ब्रदर सॅम्युअलना विचारलं. मंडळीचे प्रमुख, शांत, पिकल्या मिशांचा माणूस. ते बराच वेळ खुर्च्यांच्या रांगा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, ते मलाही टोचतं. मी त्याला बरोबर म्हणणार नाही. पण मला इथं जे मिळालंय ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही. दोन्ही घेऊन बसलोय." आणि खेमाही दोन्ही घेऊन बसली. एका हातात गुलमोहराखालचं वाक्य, एका हातात बंद दार. आणि बंद दार म्हटलं की तिला एकच माणूस आठवायचा, आबाजी.

वाळूत आत्याची डांगरवाडी होती. हिरवे वेल पांढऱ्या वाळूवर पसरलेले, त्यात टरबुजं अशी निजलेली, जशी चांदण्यात गुटगुटीत बाळं. आत्यानं पदर खोचला, हातानंच वाळू उकरली, आणि पाहता पाहता खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरू लागलं. आधी गढूळ, मग निवळ, मग आरशागत. झिरा लागला.

"घे, पे," आत्या म्हणाली.

"उपास आहे, आत्या."

"मंग डांगर नोको खाऊ. पानी तं पे."

"पाण्याचाही आहे."

आत्या कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "कोनत्या देवानं सांगलं वो हे? चैताचं ऊन अन् पान्याचा उपास. नर्स होय ना तू? पेशंटले असंच सांगते का?"

खेमा हसली, ओठ ताणले गेले, सुकलेल्या कातडीला बारीक चीर गेली. आणि मग एका दमात, पुरात फुटलेल्या बांधासारखं, तिनं सगळं सांगितलं. सूर्याचं घर, चंद्राचं घर, मंदिर, पाणी, पांढरे कपडे, नाव. आत्या ऐकत होती आणि घागरीनं वेलांना पाणी घालत होती, एकेका वेलाच्या मुळाशी वाकून, कानात काही सांगावं तसं. 

सगळं झाल्यावर म्हणाली, "पांढरेच कपडे काय?"

"हो."

"तो बी पांढऱ्यातच गेलता."

आणि वाळूवर फतकल मारून तिनं सांगायला घेतलं, नदीकडं बघत. "मी तवा पोटातबी नव्हती. पन बापानं इतक्यांदा सांगलं का मले वाटते, मीच उभी राहून पाहून रायली होती. नागपूरले दीक्षा घ्याले जायाचं, म्हनून आठवडाभर त्यानं माग थांबू देल्ला नाई. साऱ्या मोहल्ल्याले पांढरं त्यानंच इनलं. गेले, दीक्षा घेतली, पायी वापस आले. आन् हा बापा, घरी नाई गेला. सीदा वरच्या घाटावर."

खेमाला वरचा घाट माहीत होता. लहानपणी ती तिथं पाय सोडून बसायची. पण तेव्हा, आबाजींच्या तरणेपणी, तो घाट त्यांचा नव्हता. त्यांच्या मोहल्ल्यानं पाणी घ्यायचं ते पार खाली, गुरं जिथं डुंबतात त्याच्याही खाली. वरून सगळ्यांचं होऊन आलेलं पाणी.

"घाटावर मानसं होती. एक जन हासून म्हने, आला का लहानू, धरम बदलला म्हन्ते, मार आता डुबकी, धून निंघ. आन् सारे पाहून रायले. का करते आता हा म्हनून." आत्यानं ओंजळ केली, हवेतच, रिकामी. "बाप खाली बसला. ओंजयभर पानी घेतलं. पेला. आन् म्हने, मी मयलो नोतो भाऊ. तहान लागली होती म्हनून आलो."

वाऱ्यानं वेलांची पानं उलटली. त्यांची फिकट पाठ क्षणभर चमकली, आणि पुन्हा निजली.

मी मळलो नव्हतो. तहान लागली होती म्हणून आलो. खेमाच्या आत ते वाक्य उतरत गेलं, झिऱ्याच्या पाण्यासारखं, आधी गढूळ, मग निवळ. आबाजींनी तिला पांढऱ्या कापडाच्या शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. ही नव्हती सांगितली. की सांगितली होती, धोट्याच्या तालावर, आणि ती झोपून गेली होती?

"मग मी काय करू, आत्या? तू हो म्हणतेस का नाही?"

"मी कोन हो म्हनाले?" आत्या उठली, लुगड्याची वाळू झटकली. "आमच्यात तं दिवा इझला का इझला. माह्या हिशोबानं तो कोठीच नाई. पन तुमच्यात तं हाये ना तो? अजून हाये म्हन्ते ना तू?"

"आहे," खेमा म्हणाली. आणि तिला जाणवलं, सगळ्या प्रश्नांच्या तळाशी हा एवढा शब्द तेवढा हलला नव्हता. आहे.

"मंग मले काऊन इचारते? त्याले इचार." आणि रिकामी घागर उचलून ती पलीकडच्या वेलांकडं चालू लागली. जाता जाता म्हणाली, "आन् जल्दी इचार. ऊन चढते. घेरी येऊन पडली तं मले नाई उचलवत, पुन्याची वजनदार झाली तू."

तेव्हा ती वेळ आली होती. मागं, गावाच्या अंगाला, पुनवेचा चंद्र मावळतीला टेकला होता, मोठा, फिकट, मायाळू, रात्रभर विणून थकलेल्या विणकरासारखा. पुढं, नदीपलीकडं, पळसाच्या शेवटच्या फुलांतून सूर्य वर येत होता, कोवळा, कुसुंबी, ओला. आणि दोघांच्या मधे, पाण्यात विरघळणाऱ्या मिठाच्या खड्यासारखा, एक तारा अजून होता. तिन्ही तेजं. एका नदीवर. एका वेळी.

खेमा झिऱ्याशी गुडघ्यांवर बसली. सूर्याकडं तोंड केलं तर पाण्यात सूर्य दिसायचा. थोडं सरकून पलीकडून वाकलं तर त्याच पाण्यात चंद्र. एवढासा खड्डा, हातभराचा, आणि त्याला दोघांचं काही जड होत नव्हतं.

तिनं हात जोडले नाहीत. त्यांच्यात हाताची घडी घालतात, डोळे मिटतात. स्वर्गीय पित्या, ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, आबाजी. आणि थांबली.  गावात कुणाच्या तरी घरी पहाटेचा माग सुरू झाला होता; वाळूवरून, चांदण्यावरून, पाण्यावरून तो आवाज येत होता, खट् खटाक्, खट् खटाक्, आणि तिला वाटलं ती झोपतेय, किती वर्षांनी, मागाखाली, सुखरूप, आणि वर कुणी तरी पांढरं विणतंय, बिनकाठाचं, जिथं सूर्याचा धागा संपतो आणि चंद्राचा सुरू होतो तिथं गाठ दिसत नाही असं.

उत्तर आलं नाही. पण तहान आली. अशी तहान, लख्ख, साधी, खरी तहान, की तिच्यापुढं प्रश्न लहान झाले. आणि तिला कळलं की आबाजींना विचारायचं राहिलेलंच नाही. त्यांना पाण्याविषयी ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, कुठलं घ्यायचं, कुठं घ्यायचं, कशासाठी घ्यायचं, त्या सगळ्यांना त्यांनी एकदा, वरच्या घाटावर, उत्तर देऊन टाकलं होतं. आता तिनं, त्यांच्याच खेमानं, त्यांचं नाव हातात धरून कुठल्या पाण्याखाली न्यावं?

त्यांच्या घराला चंद्राचं तेज असेल तर चंद्राचं असो, ती मनात म्हणाली. मला तिथं जाता येईल का, पित्या, तेवढं सांग. सूर्याचं घर तिनं त्या पहाटे हातातून सोडलं नाही, पण घट्ट आवळलेली मूठ मात्र सोडली. आमेन म्हटलं. डोळे उघडले. उपास सुटला.

आणि खेमा ओंजळ भरून पाणी प्याली.

लांबून आत्या बघत होती. तिनं एक टरबूज वेलापासून तोडलं, मांडीवर आपटून फोडलं, आणि लाल, ठिबकत्या, उगवतीच्या रंगाच्या फोडी पदरात घेऊन येऊ लागली.

पुढल्या रविवारी पुण्यात, दुकानांच्या वरच्या, मंडळी जमायच्या त्या साध्या हॉलमध्ये, दारातच ब्रदर सॅम्युअलनी विचारलं, "आणलंत का आजोबांचं नाव?"

"नाही," खेमा म्हणाली. "ते त्यांचं त्यांनी आधीच पाण्यापाशी नेऊन ठेवलंय."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या ओठांवरच्या भरत आलेल्या चिरेकडं पाहिलं, आणि मान हलवून तिच्यासाठी खुर्ची सरळ केली.

मग भाकरीचा तुकडा आला, आणि मग पाणी आलं. त्यांच्यात द्राक्षरस नसतो, पाणीच असतं. तबकात मांडलेले इवले इवले पेले, आणि प्रत्येकात घोटभर. तबक रांगेतून सरकत येत होतं. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात, म्हाताऱ्या हातातून पोराच्या हातात, गोऱ्या हातातून सावळ्या हातात, सावळ्या हातातून खेमाच्या हातात. खिडकीतून ऊन आत पडलं होतं, आणि प्रत्येक पेल्यात एकेक सूर्य होता, इतका लहान, इतका फिकट, की चंद्रच म्हणावा.

तिनं पेला उचलला. तहान लागली होती, म्हणून प्याली. आणि तबक पुढच्या हातात दिलं. आणि त्या हातानं पुढच्या हातात. आणि पाणी चालत राहिलं, हातांवरून, हातांवरून, नदीसारखं, खाली, खाली, सगळ्यांचं होऊन.