पत्र्यावरचा निओफ्रॉन

पेल्यांची उतरंड खणखणत कोसळली, तशी सिंधु तापानं फणफणलेल्या बबीला छातीशी धरून अंगणात धावली. मागोमाग सासू, नागाबाई. गेल्या वर्षीच्या भूकंपापासून लातुरात कितीतरी घरांत पेल्यावर पेला रचून ठेवलेला असे. जमीन हलली की आधी पेले सांगतात.

पण बादलीतलं पाणी निवांत होतं.

"सिंधु, वर देख!" कुंपणापलीकडून दिलशादभाभी ओरडली.

पत्र्यावर गिधाड बसलं होतं. पांढरं, पिवळ्या तोंडाचं. त्याच्याच दणक्यानं उतरंड ढासळली होती.

नागाबाई मटकन खाली बसली. "घरावर बसलं गं बाई! आता घराची शांत केल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाई. माझ्या भावाच्या माळवदावर बी बसलं हुतं. कुणी ऐकलं न्हाई." तिचं माहेर किल्लारीकडचं, एका पहाटेत मातीखाली गेलेलं.

"आत्याबाई, पोरीचं औषध आत हाय."

"असू दे. जिवापरीस औषध मोठं हाय का?"

"अम्मा," दिलशादभाभी म्हणाली, "डॉक्टरच्या पत्र्यावर बसलं तर दवाखाना बंद करतेत का?"

सिंधुला हसू आलं नाही. ती बी.एस्सी. झालेली, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या क्लासात प्राणिशास्त्र शिकवणारी. तरी तिचे पाय उंबऱ्याकडे वळेनात. बबीचा श्वास मानेला चटके देत होता.

"आई, तेचं नाव काय?" बबीनं विचारलं.

"निओफ्रॉन पर्क्नॉप्टेरस," सिंधुच्या तोंडून निघून गेलं. अर्थ सांगितला की पोरं नाव विसरत नाहीत, म्हणून पुढचंही सवयीनं आलं. "निओफ्रॉन एक माणूस होता, ग्रीक लोकांच्या गोष्टीतला. त्यानं कपटानं मित्राचं घर नासवलं, म्हणून देवानं त्याला गिधाड केलं."

"बघ!" नागाबाईचा आवाज चिरकला. "तुझ्या पुस्तकात बी तेच हाय. घर नासवणारं!"

इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं नाव असं अंगावर येईल, हे सिंधुला कधी वाटलं नव्हतं.

"अन् दुसरं नाव?" दिलशादभाभीनं विचारलं.

"काळसर पंखांचा."

"कुठं काळं हाय? पांढरंफटक तर हाय!"

तेवढ्यात गिधाडानं पंख पसरले. पंखांच्या कडा काळ्याभोर होत्या. पत्रा पुन्हा एकदा वाजला आणि ते गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात त्या हाडकीकडे निघून गेलं.

म्हणजे नाव ठेवणाऱ्यानं त्याला बसलेलं नाही, उडून जाताना पाहिलं असणार. सिंधुनं बबीला घट्ट धरलं आणि उंबरा ओलांडला.

"सिंधे! माघारी फिर!"

तिनं कोनाड्यातली बाटली काढली. चमच्यातलं निम्मं औषध सांडलं, तिनं पुन्हा भरलं. बबीनं तोंड वाकडं करत गिळलं. मग सिंधु खाली बसून पेले रचू लागली. जमीन स्थिर होती. पेले तिच्या बोटांतच किणकिणत होते.

एक पेला कमी पडला. तिनं दाराकडे पाहिलं.

नागाबाई उंबऱ्याबाहेरच बसली होती. अंगणात घरंगळलेला पेला तिनं पदरानं पुसला आणि हात लांब करून आत सरकवला.