त्याला काय कळतंय

“हस की जरा,” गोडबोल्या बायकोला म्हणाला. “लोकांना वाटेल मी तुला छळतो.”

बाई हसली. तव्यामागे उभ्या असलेल्या मास्टरनंही हसत हसत अंडं हवेत उडवलं आणि उलथन्याच्या धारेवर झेललं. शेजारच्या टेबलावरून टाळ्या पडल्या. पगार त्याला याचाच मिळत होता. अंडं झेलायचा, हसायचा आणि तोंड बंद ठेवायचा.

त्या इमारतीत मजल्यागणिक एकेक देश होता. लिफ्टचं बटण दाबलं की परदेश. कांदा मात्र सगळ्या देशांना एकाच टेम्पोतून यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या देशात टेबलातच मोठे तवे बसवलेले होते. गिऱ्हाईक कडेनं बसायचं आणि आचारी त्याच्या नाकासमोर रांधायचा. बाकीचे आचारी आत राबत, बाहेर एकटा मास्टर. कारण त्याचा चेहरा.

त्याचा आजा कधीकाळी डोंगरापलीकडून आला होता. मास्टर मात्र इथला. इथंच जन्मला, इथल्याच शाळेत छड्या खाल्ल्या, शिव्याही आपल्याच भाषेत शिकला. तरी बारीक डोळे आणि बसकं नाक बघून लोक जन्मभर विचारत आले, तुम्ही कुठल्या देशाचे? वॉचमन होता तेव्हा याच चेहऱ्यावरून पोरं त्याला चिडवायची. हॉटेलमालकानं त्यावर उंच टोपी चढवली आणि त्याच चेहऱ्याची जाहिरात झाली. अट एकच, गिऱ्हाइकासमोर आपली भाषा बोलायची नाही. दोन परदेशी शब्द त्याच्याकडून घोटून घेतले होते. एक वाकताना म्हणायचा, दुसरा बशी पुढे करताना. त्यांचा अर्थ मालकालाही ठाऊक नसावा.

त्यामुळे लोक त्याच्यासमोर काहीही बोलत. सुनेची उणीदुणी, साहेबाला चारलेले पैसे, आजारी बापाला कुठं ठेवायचं ते. मास्टर घरी जाऊन बायकोला नकला करून दाखवायचा आणि दोघं पोट धरून हसायची.

गोडबोल्याचं मात्र त्यानं घरी कधी सांगितलं नाही.

हे नाव भांडी घासणाऱ्या मावशींनी ठेवलेलं. माणूस दर रविवारी दुपारी यायचा, कोपऱ्यातलं टेबल घ्यायचा, दार उघडणाऱ्याचेही आभार मानायचा. आवाज कधी चढायचा नाही. चढवायची गरजच नव्हती. बायकोला जे ऐकवायचं ते तो इथं, तव्यासमोर, तोंडात घास असताना ऐकवायचा. कधी म्हणायचा, उद्या दिवसभर कोंडून ठेवीन. कधी म्हणायचा, फोन फोडलाय, आता बोट मोडीन. ती मान खाली घालून जेवायची. मास्टर हसत बशी पुढे करायचा आणि दुसरा शब्द म्हणायचा.

आज गोडबोल्या जास्तच खुशीत होता.

“बहिणीकडे बॅग ठेवली होतीस ना?” तो कोळंबीची शेपटी तोडत म्हणाला. “परत आणली मी. डिकीत आहे.”

बाईचा काटा बशीवर वाजला.

“वाजवू नकोस. तुझ्या बहिणीला सांगितलं, दोघं जरा हवापालट करून येतो. खूश झाली बिचारी. आता इथून थेट धरणावर जाऊ. संध्याकाळी पाणी फार सुंदर दिसतं तिथलं.”

“मला घरी जायचंय.”

“पोहता येत नाही ना तुला? तेच म्हटलं. लोकही म्हणतील, बिचारीला पोहता येत नव्हतं.”

मास्टरनं उडवलेलं दुसरं अंडं उलथन्यावर आलंच नाही. तव्यावर फुटलं, पसरलं, फसफसलं. शेजारचे हसले. त्यांना तोही खेळाचाच भाग वाटला. बाईनं वर पाहिलं. तिची नजर सरळ त्याच्या तोंडावर येऊन थांबली.

“त्याच्याकडे काय बघतेस?” गोडबोल्या हसला. “त्याला काय कळतंय? मदत हवी असेल तर माग की. चांगला माणूस दिसतो. म्हण, मला वाचवा.”

“नको ना.”

“म्हण म्हणतोय ना.”

बाई हसली. त्यानं सांगितलं होतं तशीच हसली, आणि मास्टरकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “मला वाचवा.”

मास्टर वाकला आणि पहिला शब्द म्हणाला.

गोडबोल्याला हसू आवरेना. त्यानं रुमालानं डोळे पुसले.

मास्टर रिकामी परात उचलून आत गेला. मॅनेजर फ्रीजपाशी उभा राहून मोबाईल बघत होता.

“साहेब, पोलिसांना फोन करा. तो माणूस बायकोला मारणार आहे. आज, धरणावर नेऊन.”

“कोण, ते कोपऱ्यातले?” मॅनेजरनं आवाज खाली आणला. “वेड लागलंय का? त्यांच्या ऑफिसातून आपलं लायसन्स निघतं. नवराबायकोचं आहे मास्टर. रागात माणूस काहीही बोलतो.”

“तो रागात नाहीये साहेब. तेच तर सांगतोय.”

“आणि पोलिसांना सांगू काय? आमच्या परदेशी आचाऱ्याला आपल्या भाषेतलं ऐकू आलं?” मॅनेजरनं त्याच्या हातात कांद्याची ताटली दिली. “जाळ दाखवा आणि मोकळे व्हा. तुम्ही काही ऐकलं नाही.”

मावशी नळ बंद करून ऐकत होत्या.

मास्टर बाहेर आला. जाळाच्या खेळासाठी कांद्याच्या चकत्या एकावर एक रचायला लागला. मनोरा दोनदा ढासळला. त्याला घरभाडं आठवलं, वॉचमनची खुर्ची आठवली, या वयात आपल्याला कोण उभं करतंय हेही आठवलं. बाईनंच ओरडावं, असं त्याला फार वाटत होतं. ती ओरडली तर सगळं आपोआप होईल, आपल्याला काही करावं लागणार नाही. बाई ओरडली नाही. तिनं नॅपकीन उलगडला, नीट घडी करून बशीशेजारी ठेवला. परत या टेबलावर यायचं नसतं तेव्हा माणूस जसा ठेवतो तसा.

“चल,” गोडबोल्या उठला. “उन्हं कलायच्या आत पोचायला हवं.”

मास्टरनं मनोऱ्यात तेल ओतून काडी लावली. जाळ भस्सकन छताकडे गेला. माणसांनी मोबाईल वर केले. आणि जाळाच्या पलीकडून आवाज आला, घोगरा, गेटवरून हाक मारायचा तसा.

“ताई, त्यांच्याबरोबर जाऊ नका.”

जाळ खाली बसला तरी कुणी हललं नाही. मग शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ बायकोकडे वळला.

“अगं, हा तर आपल्यातलाच निघाला.”

“मी म्हटलं नव्हतं? फसवतात मेले. आणि दर बघा कसे लावतात.”

“ते यांना धरणात ढकलणार आहेत,” मास्टर म्हणाला. “मी ऐकलंय. माझ्यासमोर बोललेत.”

“मॅनेजरला बोलवा,” गोडबोल्या शांतपणे म्हणाला. त्याचा हात बायकोच्या कोपरावर गेला होता. “परदेशी म्हणून कुणालाही उभं करतात, बघा लोकहो. वर गिऱ्हाइकाचं खाजगी ऐकतात.”

“बरोबर आहे,” कुणीतरी म्हणालं. “पैसे परत मागा.”

सगळी माणसं चिडली होती आणि सगळी त्याच्यावरच. बाईला विचारावं, बाई गं हे खरं का, असं त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही सुचलं नाही. आपली फसवणूक झाली, एवढंच त्यांना दिसत होतं.

मास्टर तव्याला वळसा घालून गेला. स्वयंपाकघराचं ढकलायचं दार पाठीनं उघडून धरलं. “या ताई.”

गोडबोल्यानं तिचं कोपर सोडलं नाही. मास्टर दार सोडून दोन पावलं पुढे आला. हातातल्या उलथन्यातून अजून वाफ निघत होती. ते त्यानं उगारलं नाही, नुसतं धरलं होतं. गोडबोल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग बोटं एकेक करून सोडली.

“ठीक आहे,” तो बायकोला म्हणाला. तो अजून हसतच होता. “घरी बोलू.”

ती आत आली, मागोमाग मास्टर. मावशींनी तेलाचा भरला डबा सरकवून दाराला लावला आणि त्यावर बूड टेकलं.

“आता उठवा म्हणावं मला कुणी,” त्या म्हणाल्या आणि आपला फोन तिच्यापुढे धरला. “लाव बहिणीला. ओले हात आहेत माझे, पुसून घे.”

दारापलीकडून मॅनेजरचा आवाज येत होता. माफ करा साहेब, माणूस आजपासून काढला साहेब.

मागच्या जिन्यानं ती दोघं गल्लीत उतरली. बहीण टॅक्सी घेऊन येईपर्यंत कचऱ्याच्या पिंपांमागे उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली की दोघंही श्वास रोखत. उंच टोपी लांबून ओळखू येईल म्हणून मास्टरनं ती काढून काखेत दाबली.

टॅक्सी आली. बहिणीनं आतून दार उघडलं. बाई बसली, पण दार ओढून घेतलं नाही.

“तुम्हाला आपली भाषा येते,” ती म्हणाली.

“हो ताई.”

“म्हणजे पहिल्या रविवारपासून सगळं कळत होतं?”

आता त्याला बोलायची बंदी नव्हती. पण तोंडात फक्त ते दोन परदेशी शब्द आले, आणि ते त्यानं गिळले.

“हो,” तो म्हणाला.

बाईनं मान हलवली. दार हळूच ओढून घेतलं. टॅक्सी वळून मोठ्या रस्त्याला लागली.

मास्टर घराच्या दिशेनं चालू लागला. कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, उलथनं अजून हातातच आहे. ते भिंतीशी ठेवून द्यावं म्हणून तो वाकला, पण मूठ काही केल्या उघडेना. मग तो तिथंच उकिडवा बसला आणि दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवू लागला.