शेंदूर फासलेला धुऱ्याचा दगड

मी धुऱ्यावरचा दगड बोलतोय. हो, दगडच! दोन वावरांच्या हद्दीवर अर्धा पुरलेला, काळा, ओबडधोबड. एका अंगाला खुशालरावाचं वावर, दुसऱ्या अंगाला महादेवरावाचं. आमचं गाव अचलपूरच्या, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरच्या वाटेवर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. मला त्या कारभाराचं काय? माझं काम एवढंच, आपल्या जागी उभं राहायचं.

तेही धड करू दिलं नाही हो मला! एका उन्हाळ्यात महादेवराव लेकीला आणायला अकोल्याला गेला. इकडे खुशालरावाने भर दुपारी सब्बल घालून मला उपटलं आणि महादेवरावाच्या वावरात, नांगराची चार तासं, म्हणजे चार ओळी आत, बैलजोडीने ओढत नेऊन रोवलं. माणूस वाईट नव्हता बरं का. आपल्या आधी बैलांना पाणी पाजणारा, हसरा गडी. पण काळी जमीन दिसली की भल्याभल्यांची नियत फिरते.

वर त्याने मला शेंदूर फासला! गावभर सांगितलं, "देव सपनात आला माह्या. धुरेबाबा हाय हा. याले हात लावसान तं पाहा!"

झालं! महादेवराव परतला, वावर आखडल्यासारखं वाटून दोनदा फिरून गेला, पण शेंदराला हात कोण लावणार? उलट त्याची बायको आशाबाई दर शनिवारी नारळ घेऊन यायची आणि म्हणायची, "बाबा, आमच्या वावराची राखण कर." काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. त्या माउलीचा भाव अगदी खरा होता.

पुढे बाजारात पेटीवर गाणी म्हणणाऱ्या पाद्रीबाबांच्या नादी खुशालराव लागला. येशूच्या गोष्टी ऐकून त्याच्या डोळ्यांना धारा लागायच्या. बायको मैनाबाईही त्याच्यासोबत विश्वासात आली. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला, आणि एक दिवस पाद्रीबाबा वावरात येऊन माझ्याच शेजारी बाभळीखाली बसले.

"बाबा, विश्वासानंच तारण होते, मानूस तरते ना?" खुशालरावाने विचारलं.

"विश्वासानंच. देवाची देणगी आहे ती, विकत मिळत नाही."

"आन् पाप केलं असन तं?"

"पश्चात्ताप करा."

"लय रडतो जी मी!"

पाद्रीबाबा हसले. "रडणं चांगलंच. पण देणगी घ्यायला हात पसरावा लागतो, खुशालराव. मुठीत आधीच काही दाबून धरलं असेल, तर ती ठेवायची कुठे?"

त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. खुशालराव मात्र माझ्याकडे पाहतच राहिला. ते गेल्यावर, तिथेच बसून सारं ऐकलेली मैनाबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अवो, ठेवून द्या ना त्याले त्याच्या जागेवर."

"लोकं मारतीन मले."

"मंग खा मार! चोरी करतानी भेव नाई वाटलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सब्बल घेऊन आला. मला अर्धा उपटतो न उपटतो तोच महादेवराव काठी घेऊन धावला. "किरिस्ताव झाला आन् देव उपटून राहिला काय रे!" मागून आशाबाई ओरडत आली.

खुशालरावाने सब्बल टाकली. "मार, महादेव. पण आंदी ऐक. हा देव नाई, आपल्या धुऱ्याचा दगड हाय. म्याच सरकवला, म्याच शेंदूर फासला. तुयी चार तासं खाल्ली म्या."

आशाबाईने माझ्या शेंदराला बोट लावून पाहिलं. "आन् मी याले नारळ फोडत होती रे, भाऊ!"

महादेवरावाची काठी वरच होती. मला वाटलं, आता खुशालरावाचं डोकं फुटतं! पण खुशालराव डोकं झाकेना, मागे सरेना. मग महादेवरावाने काठी फेकून दिली आणि वाकला. "एकट्याच्यानं उचलते काय हा? धर तिकून!"

दोघांनी धापा टाकत मला माझ्या जागी आणलं. खुशालरावाची छाती फुगली. "आता तरलो मी!"

मैनाबाई फणकारली. "दगड उचलून तरता आलं असतं तं आपले बैल कवाचेच सरगात गेले असते! येशूनं तुमाले आंदी उचललं, म्हनून तुमच्यानं दगड उचलला."

रविवारी नदीत बाप्तिस्मा झाला. मला तिकडे कोण नेणार? पण परतताना सगळे माझ्यापाशी टेकले, तेव्हा कळलं. महादेवराव देवळातून थेट नदीवर गेला होता आणि खुशालरावाचं कोरडं धोतर हातात घेऊन काठावर उभा राहिला होता.

आता माझा शेंदूर पार धुऊन गेलाय. या वाटेने आलात तर खुशाल टेका माझ्यावर, शिदोरी सोडा. नवस तेवढा बोलू नका. आणि तुमच्याही धुऱ्यावरचा एखादा दगड सरकलेला असेल, तर तो परत न्यायला शेजाऱ्याच्या देखत जा, बाप्पा! तो काठी घेऊन येईल कदाचित. येऊ द्या.