उलट्या आट्याची

रविवारी सकाळी दातांची डॉक्टरीण माहेरी आली ती एकच वाक्य घेऊन. 'बाबा, आता गाडी चालवणं पुरे.' मोजून पाच शब्द. वाटेत तीन सिग्नलना थांबून तिने ते घोकलं होतं, आवाज किती मऊ ठेवायचा तेही ठरवलं होतं. रोज वीस जणांना 'तोंड उघडा' म्हणणारी ही बाई, पण आपलं तोंड उघडायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते, त्याला कोण काय करणार!

वाक्य तसं आईचं होतं. बाबा छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, त्यालाही आता बारा वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात त्यांनी फाटकाचा खांब घासला. त्याच्या आधी एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि थेट जुन्या डेपोच्या दारात जाऊन उभे राहिले. आईने फोनवर सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "तूच सांग बाई. माझं ऐकलंय कधी त्यांनी?"

डॉक्टरीण अंगणात पाऊल टाकते तो काय, गाडी पुढून लोखंडी टेकूच्या घोड्यांवर चढवलेली, एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं आणि बाबा चटईवर आडवे. नुसते पाय दिसत होते.

"आलीस? बरं झालं. तो बावीसचा पाना दे."

झालं! वाक्य परत पोटात गेलं.

गाडी म्हातारी होती. तपासणीवाल्याने कागदावर लिहूनच दिलं होतं की स्टीअरिंगला खेळ आहे, टायरॉडचं टोक बदला, तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. टायरॉड म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकाला वळवणारा दांडा. त्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. नवं टोक खोक्यात तयार होतं, पण जुनं निघेल तर शपथ. आणि न निघालं तर? तर गाडी बसून राहील अंगणात आणि ते वाक्य बोलावंच लागणार नाही. असा विचार डॉक्टरिणीच्या मनात आला खरा, आणि आला याची तिला लाजही वाटली.

टोकाला आवळून धरणारा एक नट आधी सोडवायचा होता. बाबा दातओठ खाऊन जोर लावत होते. तेल सोडून झालं, तारेच्या ब्रशने घासून झालं, पान्याला लांब पाइप अडकवून बापलेक दोघंही लोंबकळून झाले. नट हूं की चूं करेना.

"काय जळला हट्टी आहे!" बाबा धापा टाकत म्हणाले. "अगदी तुझ्यासारखा."

लहानपणी बाबा तिला 'उलट्या आट्याची' म्हणत. ये म्हटलं की पळणार, झोप म्हटलं की नाचणार. बसच्या कामात काही नट उलटे फिरवले तरच सुटतात, त्यावरून हे नाव पडलेलं. शाळेच्या दाखल्यावर काय असेल ते असो, घरात तिचं नाव हेच.

तिने वाकून कपड्याने आट्यांवरचा गंज पुसला आणि बॅटरीचा उजेड धरला. आटे भलत्याच बाजूला कललेले होते.

इथे तिला गप्प बसता आलं असतं, बरं का. बाबांनी आणखी चार हिसके दिले असते, नटाच्या कडा गोल झाल्या असत्या आणि विषय कायमचा मिटला असता. पण उलट्या आट्याचीच ती.

"बाबा, हा खरंच माझ्यासारखा असेल तर?"

"म्हणजे?"

"उलट्या आट्याचा."

बाबा उठून बसले. पान्याकडे बघितलं, नटाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "अरे माझ्या कर्मा! सकाळपासून मी त्याला आवळतोय की!" आणि पोट धरून हसले. पाना उलटा लावला तसा कट्ट आवाज झाला आणि नट सुटला. तीही हसली, पण अर्धवटच. ज्या माणसाने आपल्याला हे नाव दिलं, तोच ते विसरला?

मग सांधा. पिन उपसली, त्याच्यावरचा नट काढला, पण सांध्याचा निमुळता खिळा भोकात गच्च रुतून बसलेला. बाबांनी हातोडा उगारला तो थेट खिळ्यावरच.

"थांबा, थांबा! दाढ काय मी नुसती ओढून काढते? आधी आजूबाजूची पकड सैल करायची."

"मला शिकवतेस?"

"आज शिकवते."

तिने भोकाच्या बाहेरच्या लोखंडाला एका बाजूने जड हातोडा टेकवून धरला आणि बाबांनी समोरून टोले घातले. पाचव्या टोल्याला सांधा टप्पदिशी खाली आला.

"भूल न देता काढली," बाबा म्हणाले.

आता टोक दांड्यावरून फिरवत काढायचं आणि फेरे मोजायचे. जितक्या फेऱ्यांत जुनं निघेल तितक्याच फेऱ्यांत नवं चढवायचं, नाहीतर पुढची चाकं भांडलेल्या जावांसारखी दोन दिशांना तोंडं करून बसतात. डेपोतला नियम होता की जो फिरवेल त्यानेच मोजायचं, आणि मोठ्याने मोजायचं. डॉक्टरीण खडू घेऊन उकिडवी बसली.

"एक... दोन..." बाबा मोजत होते. तीही मनात मोजत होती. हिरडीशी ठेवलेले कापसाचे बोळे मोजून परत काढायची सवय, ती कुठे जाणार! "दहा... अकरा..."

"चहा टाकू का?" खिडकीतून आईची हाक आली.

"टाक. साखर बेताची," बाबा म्हणाले, आणि पुढे मोजू लागले. "नऊ... दहा..."

तिने मनात 'बारा... तेरा...' मोजणं चालूच ठेवलं. टोक हातात आलं तेव्हा बाबा म्हणाले, "पंधरा. लिही."

खडू हातात तसाच राहिला. पंधरा लिहिलं तर बाबांचं मन राहील, पण गाडी वाकडी धावेल. वाकड्या गाडीत बाबा, आणि बाबांच्या शेजारी आई. तिने फरशीवर लिहिलं, अठरा.

बाबांनी आकडा वाचला.

"कुठे चुकलो?"

"अकरानंतर. आईने हाक मारली तेव्हा."

"मग तेव्हाच टोकायचं ना!"

"टोकायलाच आले होते बाबा सकाळी," ती म्हणाली. "जिवावर येत होतं."

त्यांनी हात पुसले. एकेक बोट, सावकाश. "भरल्या बसमध्ये दीडशे माणसं आरडाओरडा करायची," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत माझा एक थांबा चुकला नाही. आणि आज चहाने तीन फेरे खाल्ले."

त्यांनी नवं टोक उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "तू फिरव. तूच मोज."

तिने मोठ्याने मोजलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. अठराला ती थांबली. मग दोघांनी मिळून नट आवळले, पिन घातली, चाक बसवलं, गाडी खाली घेतली. चहा कधीच गार झाला होता, तो तसाच प्यायले.

फेरी मारून बघायला म्हणून बाबांनी खुंटीवरची किल्ली घेतली. सवयीने स्टीअरिंगच्या बाजूचं दार उघडलं. उघड्या दाराशी जरा उभे राहिले. मग किल्ली लेकीच्या हातात ठेवून गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. आई खिडकीतून बघत होती. तिने पदराने डोळे टिपले, पण बोलली मात्र, "पट्टा लावा!"

बाबा शेजारी बसले म्हणजे छळच. गियर बदल, आरसा बघ, ब्रेक, अगं ब्रेक! त्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. मोकळा, सरळ रस्ता लागला तसा त्यांनी पाय आवरला.

"आता हात सोड. जराच."

तिने स्टीअरिंगवरचे हात दोन बोटं वर उचलले. गाडी नाकासमोर चालत राहिली.

"अठराच होते," बाबा म्हणाले.