मेंढ्यांच्या वाड्यातलं घर

सासूबाई ईलिंगहून चार दिवस राहायला आल्या आणि मी शहाणी त्यांना नेमकी माझ्या कामावर घेऊन गेले.

वेल्सच्या या डोंगरात मेंढ्या कोंडायचा, तीनशे वर्षांपूर्वीचा एक दगडी वाडा आहे. आता तिथे मेंढ्या नसतात, पण कायद्याने तो संरक्षित आहे. त्यातला एक दगडसुद्धा हलवायचा नाही. तो सांभाळायची नोकरी माझी, आणि तीही अजून कच्ची. त्या दुपारी माझी साहेबीण ग्वेन तपासणीला येणार होती. सगळं जागच्या जागी दिसलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत ब्रिस्टलच्या ऑफिसात खुर्ची उबवायची.

फाटकाची कडी घट्ट करण्यात माझा अर्धा तास गेला. वळले, तर सासूबाई वाड्याच्या मधोमध उकिडव्या बसलेल्या. समोर दगडावर दगड रचून केलेलं घर. आपल्याकडे गडावर देवीला जाताना लोक स्वतःच्या घरासाठी रचतात, तसं.

घर कुठलं मागितलंय ते मला पाठ होतं. साकेतने आणि मी त्यांच्या शेजारी ईलिंगला घर घ्यावं, हे त्या लग्नापासून ऐकवत आल्यात. म्हणजे माझी नोकरी घालवायची आणि वर ईलिंगलाही न्यायचं! माझं डोकंच फिरलं. पण भांडायला वेळ कुठे होता? खालच्या रस्त्यावर ग्वेनची गाडी दिसत होती. मी दगड उचलले आणि भिंतीत फट दिसेल तिथे कोंबायला निघाले.

सासूबाईंनी माझा हात धरला. "अगं थांब, ते ओढ्यातले आहेत. दुसऱ्याची भिंत मोडून कुणी घर मागतं का?"

दगड खरंच गुळगुळीत होते, एक तर अजून ओला होता. मी हातातले दगड खाली ठेवले. सुटले बाई! भिंत मीच बिघडवणार होते.

ग्वेन आली, जुने फोटो हातात धरून भिंतीभोवती फिरली. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली, दगड ओढ्यात परत टाका म्हणाली, आणि जाताना सांगितलं की सोमवारपासून मी पक्की.

ओढ्याकडे जाताना मला राहवेना. "आई, घर तर मोडलं. आता ईलिंगचं कसं व्हायचं?"

"ईलिंगचं कुणी मागितलं? इथलं मागितलं, तुझ्या कामाजवळ. साकेत म्हणाला, इकडे शिफ्ट झाल्यापासून तू नीट झोपतेस."

मी त्यांच्या हातातले दगडही माझ्याकडे घेतले. म्हटलं, "मग एक खोली तुमच्यासाठीही मागा."